शेरा

दारात पंखा बसवला की घर उलटा श्वास घेतं.
चौकटीत लाल कापड ताणायचं,
खालच्या भोकात पंखा, तोंड बाहेर,
आणि आतली हवा उपसत राहायची
काटा पन्नासावर टेकेपर्यंत.
राज्याच्या ऊर्जा खात्याने मला एवढंच शिकवलं.
अकरा वर्षं मी लोकांच्या घरांना धाप लावतो.

डेल्व्हिना मिशो. वय एक्क्याऐंशी.
नदीच्या अलीकडे घर, पलीकडे कॅनडा.
बाहेर उणे बावीस.
अर्ज मुलीने भरलेला, हार्टफर्डहून,
सोबत डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत, कुणी मागितली नसताना:
रुग्ण रात्री उठून घरभर फिरते,
उघडी नसलेली खिडकी शोधते.

"बूट राहू देत," ती म्हणाली, "जमीन म्हणजे बर्फ आहे."
मी काढले. नियम आहे.
तिने आतून कुणाचे तरी लोकरीचे मोजे आणले,
टाचेला रफू केलेले.

पंखा सुरू झाला.
धुराची कांडी घेऊन मी भिंतीकडेने निघालो,
मागे ती, दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत.
जिथे फट, तिथे धूर दचकून मागे सरे.
तुळईखाली. तळघराच्या दारापाशी.
दिव्याच्या बटणामागून तर
कुट्टूची काळी फोलपटं भुरभुरत बाहेर आली.
"सासऱ्याने भरली होती भिंतीत," ती म्हणाली,
"गिरणीवाला फुकट द्यायचा."
भिंतींना कान असतात हे ठाऊक होतं.
इथे नाकपुड्याही निघाल्या.

मग बेरीज. ती मी सगळ्यांनाच सांगतो,
आकड्यांनी कुणाला थंडी वाजत नाही म्हणून:
"या घरातल्या सगळ्या फटी एका जागी आणल्या
तर दोन फूट बाय दीड फूट.
एवढी खिडकी, समजा, अहोरात्र उघडी."
लोक अरे देवा म्हणतात.
किंवा विचारतात, खर्च किती.

ती खुर्चीवर बसली.
"कुठे?"
"कुठेच नाही. सगळीकडे मिळून."
पंख्याची पाती थांबत थांबत थांबली.
"म्हणजे आहे," ती म्हणाली.
आणि मग, जरा मोठ्याने, जणू हार्टफर्डपर्यंत जावं:
"लिहून दे. तुमच्या कागदावर."

शेऱ्याच्या रकान्यात मी सहसा लिहितो:
पाया दक्षिणेला तडकला आहे.
कुत्रा चावतो.
त्या दिवशी लिहिलं:
घरात एक खिडकी कायम उघडी आहे.
राहणाऱ्या बाईंना हे आधीपासून माहीत होतं.
खाली सही, ओळखपत्राचा क्रमांक.
तीन प्रती. एक मुलीला.
साहेबांनी फोन करून विचारलं, हे काय आहे.
निरीक्षण, मी म्हटलं.

मार्चमध्ये माणसं आली, जाड नळी घेऊन.
भिंतीत भोकं पाडली, जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा फुंकला.
आमच्या खात्याने आजवर नाचवलेल्या कागदी घोड्यांत
भिंतीत शिरून कुणाला ऊब देणारे हेच.
मी पुन्हा पंखा लावला.
खिडकी आता ताटाएवढी.
तेवढी ठेवावी लागते. घराला श्वास हवा,
हेही नियमातच लिहिलंय.

"झोप लागते?"
"लागते. पण फ्रिज ऐकू येतो आता.
आधी वारा त्याच्यावर बोलायचा."
फ्रिज अठ्ठ्याऐंशी सालचा, दाराला दोरी बांधलेली.
दुसऱ्या योजनेत बसेल, मी म्हटलं,
आणि पिशवीतून नवा अर्ज काढला. नऊ पानी.
तिने चष्मा चढवला, पहिली आठ पानं
न वाचता उलटली.
"शेऱ्याला किती जागा आहे?"
"दोन ओळी."
"कमी आहे," ती म्हणाली,
आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.